दाराचा रंग

बाबा म्हणतात, दार हिरवं होतं.
सुलोचनाआत्या म्हणते, निळं, होडीला लावून उरलेल्या रंगातलं.
आणि धाकटा काका, ज्याला त्यातलं काहीच नीट आठवत नाही,
शपथेवर सांगतो की दार नव्हतंच,
गोणपाट होतं, आणि त्याला वास यायचा.

वासाबद्दल मात्र तिघांचं एकमत आहे.

चोपड्याच्या धक्क्यावर, फेरी लागायची तिथून
चाळीस पावलांवर, आजोबांचं तावेर्न.
पाटी नव्हती. लोक म्हणायचे ‘शाणूगेर’,
जसं कुणी म्हणावं ‘देवळात’ किंवा ‘कोर्टात’.
दोन बाकं. वेताच्या टोपलीत बसवलेली
पोटुशी काचेची बुधली.
बरणीत खारातली तोरं.
आणि भिंतीवर, एकाच खिळ्याला,
रवळनाथ आणि सांत आंतोन,
मागेपुढे, गिऱ्हाईक बघून.

आजोबा फेणी उंचावरून ओतायचे.
काठाला मोती धरले तर माल खरा.
मोती किती वेळ टिकतात
ते तोंडातल्या तोंडात मोजायचे,
आणि मध्येच कुणी बोललं तर पुन्हा ओतायचे,
स्वतःच्या खर्चाने.
‘असा करतात का धंदा?’ बाबा आजही चिडतात,
ऐंशीव्या वर्षी, मेलेल्या माणसावर.

शाळेच्या अर्जात, वडिलांचा व्यवसाय या रकान्यात,
बाबांनी लिहिलं होतं : किराणा.
मास्तर संध्याकाळी त्याच किराण्यात यायचे,
पाठमोरे बसायचे.
वर्षभर दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही.

आजी, द्वारकी, कधी थेंब प्याली नाही.
पण बूच निघालं की चुलीपाशी बसून सांगायची :
ही कोरगावची. ही पालयेची.
ह्या भट्टीत कुणाचं तरी भांडण झालंय.

इनास खलाशी तिसऱ्या पेल्यावर आला
की ती आजोबांच्या हातून बाटली काढून घ्यायची
आणि आत जाऊन यायची.
बाबा म्हणतात, पाणी घालायची. सरळ आहे. धंदा.
आत्या म्हणते, घालायची ना, पण त्या पेल्याचे पैसे
हळदीच्या डब्यात वेगळे पडायचे,
आणि रविवारी मीस सुटल्यावर इनासची बायको
पिवळी नाणी घेऊन तांदूळ आणायला जायची.
काका म्हणतो, हळदीचा डबा? छे.
मग थोडं थांबून : मिठाचा असेल.

पूल झाला. फेरी थांबली.
गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या,
नदी ओलांडण्याआधी कुणाला
घोटभर धीर गोळा करावा लागेना.
आजोबा सत्त्याऐंशीचे. तरी वर्षभर
दिवेलागणीला बाक पुसून बसायचे.
एकदा पुण्याचं एक जोडपं आत आलं,
फोटो काढू का म्हणालं.
आजोबांनी उंचावरून ओतलं. मोजलं.
सगळं मोजून झालं
तरी मध्ये कुणी बोललं नाही.

दार मला परवा सापडलं,
भर मे महिन्यात, आत्याच्याच अंगणात,
चार चिऱ्यांवर आडवं,
वर सोलं वाळत घातलेली.
एवढी वर्षं भांडत होती भावांशी,
आणि हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी सोलं बाजूला सारली.
कोकमाच्या रसाने वीस उन्हाळे भिजून
लाकूड लालकाळं झालेलं. रंग ओळखू येईना.
नखाने खरवडलं.
एक पापुद्रा निघाला, हिरवा.
बाबांना फोन लावणार
तोच त्या हिरव्याच्या खाली

आत्या आली मागून.
सोलं पुन्हा पसरली, एकेक, पाठ वर करून.
म्हणाली, ‘राहू दे गो. ऊन जातंय.’